चूल ओली होती ती संध्याकाळ

माई,

काल तेराव्याची पानं उठली, पाहुणे आपापल्या वाटेला लागले. आज सकाळी सवयीने मी तुमच्या खोलीच्या दाराशी गेले आणि विचारलं, "पाणी तापलंय, आणू का?" उत्तर आलं नाही तेव्हा आठवण झाली. मग तिथेच उंबऱ्यावर बसून राहिले. रडले नाही. तुमच्या खोलीत बसून रडायचा धीर मला अजून नाही.

गेल्या बारा दिवसांत तुमच्याविषयी पुष्कळ ऐकलं. तुमचं सोवळं किती कडक, तुमची जीभ किती तिखट, तिशी गाठायच्या आत वैधव्य आलं तरी एकट्या मुलाला कसं वाढवलंत, सगळं बायकांनी सांगून झालं. एकीने तर मला कोपऱ्यात घेऊन म्हटलं की उमाबाई, इतकी वर्षं काढलीत, आता जरा मोकळा श्वास घ्या. मी मान हलवली. तिला काय सांगणार? धारच्या त्या संध्याकाळची गोष्ट आपल्या तिघांशिवाय कुणालाच ठाऊक नाही, आणि तिघांनीही ती आपसांतसुद्धा कधी बोलून दाखवली नाही. तुम्ही असताना लाजेने राहिलं. आता लिहिते.

आधी जे मनात सलतं ते लिहिते, म्हणजे पुढचं मोकळेपणी लिहिता येईल. आमची मनू गेली त्या श्रावणात. सात महिन्यांची होती, तीन दिवसांच्या तापाने गेली. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसले होते. तुम्ही आलात, कणकेची परात माझ्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "पुरे आता. मळायला घे." मी मळली. पण माई, ती परात मी तुम्हांला कधी माफ केली नाही. नंतर तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याने ती पुसली जाईल असं वाटलं होतं. पुसली गेली नाही. दोन्ही तुम्हीच केलंत, आणि दोन्ही मी जवळ ठेवलं आहे.

यांनी तर तेवढंही केलं नाही. मनूला पोचवून आले, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून संस्थानच्या पाहुण्यांच्या बंगल्यावर कामाला निघून गेले. तिथली कोठी यांच्याकडे होती. साहेबलोक मांडवचा जुना किल्ला बघायला येत, बंगल्यात उतरत, त्यांच्यासाठी लागणारे डबे, दिवे, चादरी, सगळं काढून द्यायचं. काम पूर्वीही होतंच, पण श्रावणानंतर हे घरी येईनासेच झाले म्हटलं तरी चालेल. यायचे, विहिरीवर अंघोळ करून मगच आत पाऊल टाकायचे, कारण बंगल्याचा विटाळ तुम्हांला घरात चालत नसे. मग पाटावर बसायचे. मी वाढायची. भात, वरण, पोळी, पुन्हा पोळी. मान वर न करता जेवायचे आणि उठायचे. मग त्याच पानावर मी बसायची. लग्नाला पाच वर्षं झाली होती. पाच वर्षं मी त्यांच्या उष्ट्या पानावर जेवले होते, त्यांच्याबरोबर एकदाही जेवले नव्हते. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटत नसे. सगळ्याच घरांत तसं होतं.

कार्तिकात देवासहून निरोप आला. तिथल्या संस्थानात कोठीवर माणूस हवा होता, राहायला घरही मिळणार होतं. यांनी तुम्हांला सांगितलं, मी आत उभी राहून ऐकलं. ते म्हणाले की पौषात मी एकटाच जातो, पुढचं पुढे बघू, तोवर हिला सोनकच्छला माहेरी पाठवू या. तुम्ही विचारलंत, किती दिवस? त्यांनी त्याचं उत्तर दिलं नाही. मला त्या न दिलेल्या उत्तरात सगळं कळलं. माझे वडील शाळामास्तर, घरी पाठच्या तीन बहिणी. नवऱ्याने न्यायचं नाव न काढलेली मुलगी माहेरी बसली की काय होतं ते मी आमच्याच आळीत पाहिलं होतं. तुम्हांलाही ते कळलं असणार. पण तुम्ही जपाला बसलात. मला वाटलं, आईने लेकाचीच बाजू घेतली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एक म्हातारं साहेबजोडपं बंगल्यावर उतरलं. तो पूल बांधणारा इंजिनेर होता म्हणे. त्या दिवशी हे जेवताना आपण होऊन बोलले. किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला म्हणून मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. ते सांगत होते, संध्याकाळी दोघं व्हरांड्यात बसतात. खानसामा एक लाकडी फळी आणून ठेवतो. तिच्यावर चीज, म्हणजे दुधाचाच एक घट्ट गोळा, दोन तऱ्हेचा. शेजारी अंजीर, अक्रोड, बिस्किटं. खानसामा निघून जातो. मग दोघं तासभर तेच खात बसतात. जेवण नव्हेच ते. साहेब चाकूने तुकडा काढून तिला देतो, ती बिस्किटावर ठेवून त्याला देते, आणि बोलत असतात. "बाई साठीच्या पुढची असेल," हे म्हणाले. "साहेब तिच्यासाठी अक्रोड फोडत होता."

तुम्ही ओटीवरून विचारलंत, "आणि वाढायला कोण असतं?"

"कुणीच नाही. सगळं आधीच मांडलेलं असतं. गरम काही नसतंच."

तुम्ही "हूं" म्हणालात. एवढंच. पण त्या रात्रीचं पान उचलताना मी पाहिलं, तुमची माळ हातात होती आणि बोटं थांबलेली होती.

साहेब गेल्यावर खानसाम्याने उरलेला चीजचा तुकडा यांना दिला. कौतुकाने कागदात गुंडाळून हे घरी घेऊन आले. मग जे झालं ते आठवून मला आजही हसू येतं. तुम्ही तो घरात येऊ दिला नाहीत. परसातल्या कोनाड्यात ठेवायला लावलात. मी म्हटलं, माई, दूधच आहे ते. तुम्ही म्हणालात की नासवलेलं दूध आहे, आणि हातांनी दूध नासवणं म्हणजे घरातली लक्ष्मी बाहेर काढणं. मी म्हटलं, मग दही काय वेगळं? त्यावर तुम्ही ते वाक्य बोललात, ज्यावरून आपण पुढे कितीतरी वर्षं भांडलो. "दही विरजतं. नासत नाही. विरजण घालणारीच्या मनात उद्याची सकाळ असते."

मला अजूनही वाटतं की मी बरोबर होते. दूध ते दूध. पण तुमच्यासारखं वाक्य मला सुचलं नाही, म्हणून वाद तुम्ही जिंकलात असं सगळे धरून चालत.

गंमत ही की दुपारी सगळं सामसूम झाल्यावर मी तुम्हांला परसात पाहिलं. कागद उघडून तुम्ही त्या तुकड्याकडे पाहत होतात. काडीने टोचून पाहिलात, वास घेतलात, नाक मुरडलंत, पुन्हा घेतलात. स्वतःशीच म्हणालात, "दाबलेलं दिसतंय." मग तो लिंबाच्या झाडाखाली पुरायला लावलात आणि दोनदा अंघोळ केलीत.

त्यानंतरचे चार दिवस तुम्ही काय करत होतात ते मला उमगलं नाही. गवळ्याकडून म्हशीचं जास्तीचं दूध घेतलंत. दही लावलंत, ते फडक्यात बांधून खुंटीला टांगलंत. मार्गशीर्षातली थंडी, दही आंबायची भीती नव्हती. पाणी निथळून चक्का झाला तेव्हा मला वाटलं श्रीखंड करणार. पण तुम्ही त्याचे दोन भाग केलेत. एकात सैंधव, भरड मिरं आणि भाजलेलं जिरं घातलंत. दुसरा तसाच ठेवलात. दोन्ही घट्ट फडक्यात बांधून दोन पाटांच्या मध्ये ठेवलेत आणि वर पाटा, त्यावर वरवंटा. रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस. मी विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, तुला काय करायचंय, तू शेंगा निवड.

बाजाराच्या दिवशी तुम्ही मला बरोबर घेऊन गेलात, तेही नवलच होतं. मांडवकडून फळं घेऊन येणारी केसर तुमच्या ओळखीची. तुम्ही तिच्याकडून पेरू घेतलेत, बोरं घेतलीत, शेवटची राहिलेली दोन सीताफळं घेतलीत आणि एक गोरखचिंच घेतलीत, तीच मोठी मखमली सालीची, जिला इथले लोक मांडवची इमली म्हणतात. तुम्ही एवढं कधी घेत नसा. घरात लग्नकार्य आहे की काय, असं केसरने हसून विचारलं, "माजी, घर में ब्याव है कंई?"

तुम्ही पदराला हात पुसत तिला तिच्याच बोलीत सांगितलंत, "ब्याव तो हुई गयो. बात बाकी है."

केसरने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तेव्हा पहिल्यांदा मला अंदाज आला, आणि मला तुमची भीती वाटली. तुम्ही रागावलात की काय करायचं ते मला ठाऊक होतं. माया केलीत तर काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी दुपारी तुम्ही चूल सारवलीत. नेहमी सकाळी सारवायची ती भर दुपारी, तीही अशी जाड की दुसऱ्या दिवसापर्यंत पेटवता येऊ नये. मग हात धुऊन मला म्हणालात, बस इथे, मांडायचं कसं ते बघून घे.

मधल्या खोलीत एक पाट बसायला न घालता मध्येच ठेवलात, त्यावर केळीचं पान. चक्क्याचे गोळे फडक्यातून काढलेत. ते इतके घट्ट झाले होते की मी हात लावून पाहिला. खारा गोळा तुम्ही दोऱ्याने कापलात, सुरी लावली की भुगा होतो म्हणालात. दुसरा भाजलेल्या तिळाच्या कुटात घोळवलात. खारा एका टोकाला, तिळाचा दुसऱ्या टोकाला. दोघांच्या मध्ये दाणेदार खव्याचा एक तुकडा. माझ्या हाताने गुळाचे खडे फोडून घेतलेत, बोराएवढे, मोठे नकोत, मोठा खडा तोंडात असला की माणूस बोलत नाही. गोरखचिंच दगडावर आपटून फोडलीत आणि तिचा पिठूळ पांढरा गर तसाच तिच्या करवंटीत ठेवलात. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या सकाळीच पातळ लाटून कडक भाजून ठेवल्या होत्या, त्यांचे बोटाएवढे तुकडे केलेत. पेरू कापायला गेले तर हात धरलात. तो अगदी शेवटी कापायचा आणि मीठ चोळायचं, नाहीतर काळा पडतो. आंबट मध्ये ठेव, दोघांच्याही हाताला यायला पाहिजे.

मग मी शेंगा सोलायला घेतल्या. तुम्ही सूप माझ्या पुढून ओढून घेतलंत.

"सोलू नकोस. काहीतरी सोलायला राहू दे. हात गुंतले की तोंड मोकळं होतं."

माई, मी पुढे पुष्कळ वाचलं. वडिलांकडची पुस्तकं वाचली, मुलांची वाचली. संसाराविषयी याहून शहाणं काही माझ्या वाचनात आलं नाही.

मी चाचरत विचारलं होतं, की हे सोवळ्यात कसं बसतं? एकाच पानात दोघं? तुम्ही उत्तर तयारच ठेवलं होतंत. यात शिजवलेलं अन्न नाही, फराळाला खरकट्याचा विटाळ नाही. दशमी दुधातली, ती प्रवासात चालते. आणि चूल ओली आहे त्याला कोण काय करणार? तुम्ही नियम मोडला नाहीत. नियमांच्या मधून वाट काढलीत, जशी सुईतून दोरा ओवता तशी, डोळे बारीक करून, एका झटक्यात.

दिवेलागणीला हे आले. विहिरीवरून अंघोळ करून आत आले तर तुम्ही डोक्यावरचा अलवणाचा पदर नीट करून दारात उभ्या. तुम्ही त्यांना सांगितलंत की चूल ओली आहे, फराळाचं मांडलंय, मी रामाच्या देवळात कीर्तनाला जाते. हे म्हणाले, त्या हरिदासाचं? कारण त्या हरिदासाचा आवाज फुटक्या घागरीसारखा आहे असं तुम्हीच महिनाभर म्हणत होतात. तुम्ही म्हणालात, आख्यान चांगलं आहे. आणि जाता जाता, जोडे सरकवावेत तितक्या सहज, "दत्तू, भांडीवाली उद्या यायची नाही. दोन ताटं घेऊ नका."

तुम्ही गेलात. दार तुम्हीच ओढून घेतलंत.

पुढचं तुम्हांला ठाऊक नाही. तुम्ही कधी विचारलंही नाहीत. म्हणून सांगते.

बराच वेळ आम्ही पाटाच्या दोन बाजूंना नुसते बसून होतो. लग्नात एकमेकांना घास भरवला होता, त्यानंतर समोरासमोर बसायची ही पहिलीच वेळ. मला वाढायला काही नव्हतं, त्यामुळे उठायला निमित्त नव्हतं. त्यांनाही लवकर जेवून उठायला जेवण नव्हतं. शेवटी त्यांनी एक शेंग उचलली. फोडली, दाणे माझ्या बाजूला ठेवले. दुसरी फोडली, तेही माझ्या बाजूला. मी दशमीच्या तुकड्यावर खारा चक्का ठेवला आणि त्यांच्या बाजूला ठेवला, हातात नाही दिला. त्यांनी खाल्ला आणि म्हणाले, साहेबाच्या चीजपेक्षा बरा आहे. मी हसले असेन. मग ते बंगल्यातल्या गोष्टी सांगू लागले, कुठला साहेब कसा झोपेत चालतो, कुणाच्या कुत्र्याला वेगळी गादी लागते. मी सोनकच्छच्या शाळेतल्या गोष्टी सांगितल्या. सालींचा ढीग वाढत गेला.

आणि एकदम शेंग फोडता फोडता ते म्हणाले, "मनूला खालचे दोन दात आले होते ना?"

माई, मला वाटत होतं ते फक्त मला ठाऊक आहे. दात दिसतही नव्हते अजून, हिरडीला बोट लावलं तर टोचायचे. मी विचारलं, तुम्हांला कसं कळलं?

"सकाळी जाताना माझं बोट चावायची."

ते सगळं तेव्हा बाहेर आलं. चार महिने हा माणूस पहाटे घरातून निघत होता तो थेट बंगल्यावर जात नव्हता. तळ्यापलीकडे तिला ठेवलं होतं तिथे जाऊन बसत होता, ऊन चढेपर्यंत, आणि मग कामाला जात होता. आणि मी इकडे समजत होते की मुलगीच होती, म्हणून यांना काही वाटलं नाही. मी तेही त्यांना सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते शब्द परत घेता आले असते तर घेतले असते. पण बरं झालं बोलले ते. मग देवासचं विचारलं. एकटं का जायचं आहे? ते वर बघायला लागले. पाळणा आपण काढला होता, तुळईला त्याच्या कड्या तशाच होत्या. ते म्हणाले की घरात पाऊल ठेवलं की त्या कड्या दिसतात, मला हे घर सोसत नाही.

मी म्हटलं, "मलाही त्याच दिसतात. मला एकटीला त्यांच्याखाली ठेवून जाऊ नका."

एवढंच बोलले. त्यांनी माझा हात धरला, मिठाने आणि गुळाने चिकट झालेला. नंतर किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. पेरूच्या फोडी राहिल्या होत्या त्या खाल्ल्या. गोरखचिंचेचा गर दोघांनी एकाच करवंटीतून बोटांनी काढून खाल्ला, आणि आंबट लागला की त्यांचा एक डोळा मिटतो हे मला पाच वर्षांनी त्या दिवशी कळलं.

तुमची पावलं अंगणात वाजली तेव्हा मी घाईने उठले. तुम्ही आत आलात, पाटाकडे पाहिलंत. सालींचा ढीग, उरलेला थोडासा तिळाचा चक्का, माझे सुजलेले डोळे. यांनी तुम्हांला सांगितलं की आई, देवासला तिघंही जाऊ. तुम्ही काही नवल ऐकल्यासारखं केलं नाहीत. म्हणालात, मग पाटा-वरवंटा गाडीत आधी चढव, मागून राहून जातो. आणि मला म्हणालात, "तो हरिदास फारच वाईट गातो." इतक्या थकलेल्या आवाजात म्हणालात, की मला कळलं, शेवटपर्यंत बसलात.

पौषात आपण देवासला आलो. टेकडीखालच्या या घरात दोन मुलगे झाले, तुमच्या मांडीवर वाढले. आणि वर्षातून चार-सहा वेळा तरी तुमची चूल अवेळी ओली होऊ लागली. मुलांना तुम्ही शेजारी घेऊन जायचात, कधी देवीच्या टेकडीवर, कधी पुराणाला. पुढे पुढे तर यांनाच तुम्हांला हळूच विचारायची सवय लागली, आई, चूल सारवायला झाली का? तुम्ही म्हणायचात, बघते. केळीचं पान नसलं तर पळसाचं, चक्का नसला तर नुसता खवा आणि गूळ. एकदा तर फक्त ओला हरभरा होता, डहाळ्यांसकट. दोघं सोलत बसलो. आमची भांडणं कमी झाली असं नाही. पण भांडायला वेळ आणि जागा मिळाली, म्हणून ती मिटली.

मी तुम्हांला कितीदा म्हटलं की माई, एकदा तुम्हीही बसा आमच्यात. तुम्ही बसला नाहीत. एकभुक्त आहे मी, संध्याकाळी खात नाही. मग सकाळी बसा. सकाळी मला देव आहेत. मी चिडून म्हणायची, की हे असलं मांडायचं शिकवायचं आणि आपण लांब राहायचं, याला काय अर्थ आहे? तुम्ही हसण्यावारी न्यायचात. हाही वाद राहिलाच.

गेल्या महिन्यात तुम्ही अंथरूण धरलंत. जेवण जात नव्हतं. मी फळांच्या फोडी करून आणायची आणि तुम्ही त्या हातात धरून ठेवायचात. एका दुपारी मी फोडी ठेवून उठायला लागले तर तुम्ही म्हणालात, "बस. एकटीने जात नाही." मी बसले. तुम्ही वाटी आपल्या दोघींच्या मध्ये ठेवलीत. एक फोड तुम्ही खाल्लीत, एक माझ्याकडे सरकवलीत. मी ती घेतली. सतरा वर्षांत पहिल्यांदा आपण दोघी एकत्र खात होतो, आणि दोघींपैकी कुणीच त्याचा उच्चार केला नाही.

मग तुम्ही आपण होऊन मामंजींविषयी बोलू लागलात. त्यांचं नावही मी तुमच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत की नऊ वर्षांचा संसार झाला, दत्तू झाला, पण त्यांच्याशी निवांत बोलणं असं कधी झालंच नाही. घरात माणसं पुष्कळ. ते जेवायला बसले की सासूबाई समोर, तुम्ही वाढायला. ते पाणी मागायचे, तुम्ही द्यायचात. तापात गेले, तेव्हाही खोली माणसांनी भरलेली. "एक गोष्ट सांगायची होती त्यांना," तुम्ही म्हणालात. "राहून गेली."

मला वाटलं काहीतरी मोठं असेल. मी विचारलं, कोणती?

तुम्ही पदराने ओठ पुसलेत. मग म्हणालात, "त्यांना कारल्याची भाजी आवडत नसे. दर सोमवारी मी वाढायची, ते मुकाट्याने खायचे. मला कळत होतं. पण सासूबाईंना लागायची म्हणून करावी लागे. मला कळत होतं, एवढंच त्यांना सांगायचं होतं."

आणि तुम्ही हसलात, माई. तोंडात दात नव्हते, पण हसलात ते अशा एखाद्या बावीस वर्षांच्या मुलीसारखं.  मी वाटीतली उरलेली फोड तुम्हांला दिली, तुम्ही ती अर्धी करून अर्धी मला परत दिलीत.

आता तुम्ही तिकडे गेलात. मामंजी भेटले असतील तर नमस्कार-चमत्कार, लेकाची खुशाली, नातवांची नावं, ते सगळं मागाहून होईल. आधी त्यांना कारल्याचं सांगून टाका.

तुमची,
उमा